जुन्या गाडीचा कार्बोरेटर: स्क्रू फिरवायच्या आधी एक्सलेटर कुठे असताना त्रास होतो ते बघा

जुनी गाडी नीट चालत नसली की पहिला आळ कार्बोरेटरवर येतो, आणि आळ आला की कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचे बाहेरचे दोन स्क्रू फिरवायला लागतं, कधी आत कधी बाहेर, आणि गाडी थोडी बरी वाटली की "झालं ट्यूनिंग" म्हणून सोडून देतात. चार दिवसांनी परत तेच. मला हे बघून खरंच वाईट वाटतं कारण सीडी १००, स्प्लेंडर, आरएक्स १००, जुनी बुलेट या गाड्यांचा कार्बोरेटर इतका साधा आणि इतका मजबूत आहे की एकदा तो समजला तर घरच्या अंगणात बसून बहुतेक दोष शोधता येतात. १ एप्रिल २०२० ला बीएस ६ (गाडीच्या धुराचे कडक नियम) लागू झालं आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच, सगळीकडे इंजेक्शन, म्हणजे पंपाने पेट्रोल फवारणं, आलं, त्यामुळे आता नवीन पोरं जी गॅरेजला शिकतायत त्यांच्या हाताखालून हे काम कमी जातं. ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्याने स्वतः थोडं शिकून घेतलेलं बरं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. कार्बोरेटरच्या आत एकच रस्ता नाही, तीन-चार वेगवेगळे रस्ते आहेत पेट्रोल यायचे, आणि एक्सलेटर किती उघडलाय त्याप्रमाणे ते रस्ते एकेक करून कामाला लागतात. म्हणजे "गाडी मिसिंग करते" एवढ्यावरून काहीच कळत नाही, पण "एक्सलेटर जेमतेम उघडला की मिसिंग करते, पुढे मस्त पळते" असं म्हटलं की दोष कुठल्या भोकात आहे ते जवळजवळ कळलंच.

आता हे काम कसं करतं ते थोडक्यात. इंजिन हवा आत ओढतं, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. खालच्या वाटीत जे पेट्रोल आहे त्याच्यावर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, त्यामुळे पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर ढकललं जातं आणि हवेत फवाऱ्यासारखं मिसळतं. पंप नाही, वायर नाही, काही नाही, सगळा खेळ दाबातल्या फरकाचा. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला अंदाजे नऊ हजार लिटर हवा! हे प्रमाण सांभाळायचं काम जेटची ती केसाएवढी भोकं करतात, म्हणून त्यात कचऱ्याचा एक कण अडकला तरी गाडी तक्रार करते. पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण रिच, कमी पडलं तर लीन, हे दोन शब्द पुढे सारखे येतील.

वाटीतलं पेट्रोल एका ठराविक लेव्हलला ठेवायला फ्लोट असतो, घराच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक जसा पाणी भरलं की नळ बंद करतो तसाच, पेट्रोल वर आलं की फ्लोट वर जातो आणि छोटी टोकदार नीडल भोक बंद करते.

मग रस्ते कुठले? एक्सलेटर बंद असताना आणि पहिला पाव भाग उघडेपर्यंत पायलट जेटचं राज्य, याला बरेच मिस्त्री स्लो जेट म्हणतात. साधारण पाव ते पाऊण या मधल्या भागात स्लाइडला (एक्सलेटर ओढला की गळ्यात वर उचलली जाणारी झडप) लटकलेली लांब निमुळती जेट नीडल. पाऊणच्या पुढे फुलपर्यंत मेन जेट. हे भाग एकमेकांत थोडे मिसळतात पण शोधकामाला एवढं पुरतं. आता करायचं एवढंच की एक्सलेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या न हलणाऱ्या भागावर चिकटपट्टी लावायची, पेनाने बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा करायच्या आणि मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारायची, त्रास कुठल्या खुणेला होतो ते बघायचं. स्पीड किंवा गियर बघू नका, खूण बघा. चौथ्या गियरला चाळीसच्या स्पीडने सपाट रस्त्यावर चाललात तर एक्सलेटर पावसुद्धा उघडलेला नसतो, म्हणजे "चाळीसला गचके मारते" ही तक्रार बऱ्याचदा पायलट जेटचीच निघते आणि लोक मेन जेट बदलून येतात.

पण कार्बोरेटर खोलायच्या आधी तो खरंच दोषी आहे का ते बघून घ्या. एअर फिल्टर धुळीने भरला असेल तर गाडी रिच चालणार, त्याला कार्बोरेटर काय करणार. प्लग काढून बघा, नवीन प्लग लावून बघा, प्लगची कॅप सैल आहे का बघा. टॅपेट (इंजिनाचे वॉल्व्ह उघडणारे भाग, तिथे थोडी फट लागते) घट्ट झाले असतील तर गाडी थंड असताना बरी सुरू होते आणि गरम झाल्यावर स्लोला, म्हणजे एक्सलेटर सोडून नुसती चालू ठेवली की, टिकत नाही, आणि हा दोष हमखास कार्बोरेटरच्या नावावर खपतो. मग पेट्रोल. कार्बोरेटरकडचं पाइपचं टोक काढा, बाटलीत धरा, कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) चालू करा. धार सलग यायला पाहिजे. सुरुवातीला जोरात येऊन नंतर बारीक होत गेली तर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, झाकण उघडल्यावर हवा आत गेल्याचा "स्स्स" आवाज आला तर नक्कीच. पाच-सात किलोमीटर मस्त चालते, मग बंद पडते, थोडं थांबलं की परत सुरू होते, असली गूढ तक्रार बरेचदा या एका भोकाची असते. पावसाळ्यानंतर टाकीत पाणी असतं ते वेगळंच, विशेषतः कोकणात गाडी पागोळ्यांखाली उभी असेल तर. कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि जरा स्थिर राहू द्या, पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो.

आता पायलट जेटकडे येऊ, कारण जुन्या गाडीत सगळ्यात जास्त बुजतं ते हेच, भोक सगळ्यात बारीक. गाडी चोक दिल्याशिवाय सुरू होत नाही, गरम झाल्यावरही चोक काढला की बंद पडते, सिग्नलला उभी राहिली की एक्सलेटर देत बसावं लागतं, पण रस्त्यावर उघडली की छान पळते. ही सगळी एकाच दोषाची लक्षणं. चोक म्हणजे मुद्दाम मिश्रण रिच करणं, त्यामुळे गरम इंजिनाला चोक दिल्यावर बरं वाटत असेल तर त्याला पेट्रोल कमी मिळतंय हे उघड आहे. आणि उलट, चोक जरासा दिला तरी गाडी गुदमरून बंद पडत असेल तर ती आधीच रिच आहे. ही चाचणी फुकट आहे, पाना लागत नाही, सगळ्यात आधी हीच करा.

पायलट जेटच्या जोडीला बाहेर एक छोटा स्क्रू असतो मिश्रणाचा, आणि इथे सगळा गोंधळ होतो. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, बाहेर सोडला की हवा वाढते म्हणजे मिश्रण लीन. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल-मिश्रणाचा, बाहेर सोडला की रिच. दोन्ही बरोबर उलटे! म्हणून "अर्धा आटा सोड, ॲव्हरेज वाढेल" हा सल्ला एका गाडीला चालतो आणि दुसऱ्या गाडीचं वाट्टोळं करतो. दुसरा जो मोठा स्क्रू असतो तो फक्त स्लाइड थोडी उचलून धरतो, स्लो कमी-जास्त करायला, त्याचा मिश्रणाशी संबंध नाही. सेटिंग करताना गाडी आधी पाच-दहा किलोमीटर फिरवून नीट गरम करा, थंड इंजिनावर केलेलं सेटिंग वाया जातं. मिश्रणाचा स्क्रू हळूच आत बसेपर्यंत फिरवा, किती आटे गेले ते मोजून लिहून ठेवा, जोर लावू नका कारण त्याचं टोक सुईसारखं असतं आणि दाबलं की बसायची जागा कायमची खराब होते. मग साधारण दीड आटा बाहेर आणून गाडी सुरू करा आणि पाव-पाव आटा इकडे तिकडे फिरवत इंजिनाचा आवाज सगळ्यात चढा आणि सलग कुठे येतो ते शोधा, ती जागा मिळाली की मोठ्या स्क्रूने स्लो खाली आणा. स्क्रू कसाही फिरवला तरी आवाजात काहीच फरक पडत नसेल तर फिरवणं थांबवा, जेट बुजलाय किंवा कुठून तरी फालतू हवा आत शिरतेय.

पेट्रोल वाचेल म्हणून स्लो अगदी मरतुकडं ठेवतात तेही करू नका. स्प्लेंडरला कंपनीचं स्लो मिनिटाला साधारण १४०० फेरे आहे, बुलेटचं त्याहून कमी असतं पण डुग-डुग आवाज ऐकायच्या नादात तेही इतकं खाली आणतात की ऑइलचा दाब पुरत नाही आणि मग महागाचं काम निघतं.

फालतू हवा हा दोष लोक विसरतात. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधला रबराचा किंवा धातूचा जोड, त्याची ओ-रिंग, पॅकिंग, हे वीस-पंचवीस वर्षांत कडक होऊन चिरतं. लक्षण असं की एक्सलेटर सोडला तरी आवाज लगेच खाली येत नाही, वरच लटकून राहतो, कधी एकदम चढतो कधी पडतो, आणि उतारावर एक्सलेटर सोडून गाडी जात असताना सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. (फटफट नुसता सायलेन्सरचा जोड लीक असल्यामुळेही येतो, त्याचं पॅकिंग बघा.) गाडी स्लोला चालू ठेवून त्या जोडावर साबणाचं पाणी थोडं थोडं सोडा, जिथे चिर आहे तिथे पाणी आत ओढलं जातं आणि इंजिनाचा आवाज बदलतो. काही जण पेट्रोल शिंपडून बघतात. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडू नका, साबणाच्या पाण्याने काम होतं.

आरएक्स १०० वाल्यांनी हे जास्त मनावर घ्यायला हवं. ती टू-स्ट्रोक आहे, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणारी, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडलं तर नुसता पिकअप जात नाही, पिस्टन जाम होतो. १९९६ ला बंद झालेली गाडी आहे, तिचे क्रँकचे ऑइल सील बदललेले नसतील तर तिथूनही हवा शिरते आणि कार्बोरेटर कितीही साफ केला तरी लीनच राहते. शिवाय तिचा ऑइल पंप एक्सलेटरच्या केबलबरोबरच ओढला जातो, केबल बदलली तर पंपाची खूण जुळवून घ्या.

मधला भाग आणि फुल एक्सलेटर यात फार बुजत नाही, तिथे झीज असते. अर्ध्या एक्सलेटरला गाडी जड वाटते, काळा धूर, ॲव्हरेज कमी, तर जेट नीडल आणि ती ज्या नळीत खाली-वर होते ती नळी झिजलीय, भोक मोठं झालंय. दोन्ही एकदमच बदलायचे. नीडलच्या डोक्याला खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप वरच्या खाचेत घातली की नीडल खाली उतरते म्हणजे लीन, खालच्या खाचेत घातली की नीडल वर येते म्हणजे रिच. एका वेळी एकच खाच. फुल एक्सलेटरला दम लागत असेल आणि एक्सलेटर किंचित कमी केल्यावर उलट ओढ वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही, मेन जेट किंवा कॉकची जाळी बघा.

जेट बदलताना त्याच्यावरचा नंबर वाचा, आणि मिकुनीचा नंबर केहिनला लावू नका, या कार्बोरेटर बनवणाऱ्या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा नंबर त्यातून किती पेट्रोल वाहतं त्याचा असतो आणि केहिनचा नंबर भोकाच्या मापाचा, दोघांवर शंभर लिहिलं असलं तरी ते एकसारखे नाहीत.

कार्बोरेटरखालून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची नीडल. बऱ्याच वेळा तिच्या टोकाखाली नुसता कचरा असतो, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन हलक्या टिचक्या मारल्या की गळती थांबते, पण कचरा आलाय म्हणजे टाकीत गंज आहे, तो परत येणार. टोक झिजून त्यावर गोल वळ पडला असेल तर नवीन टाका. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर फुटलाय. फक्त साइड स्टँडला गळते आणि मेन स्टँडला नाही, तर लेव्हल जराशी जास्त आहे. लेव्हल बघायला ड्रेनच्या तोटीला पारदर्शक पाइप लावा, तो वाटीच्या बाजूने वर धरा, कॉक चालू ठेवून ड्रेन स्क्रू सोडा, पाइपमध्ये पेट्रोल जिथे थांबतं तीच आतली लेव्हल. फ्लोटला पितळी जीभ असेल तर ती अगदी केसभर वाकवून लेव्हल बदलता येते, पूर्ण प्लॅस्टिकच्या फ्लोटला ती सोय नसते. आणि रात्रभर गळत राहिली असेल तर किक मारायच्या आधी इंजिन ऑइल तपासा, लेव्हल वाढलीय किंवा पेट्रोलचा वास येतोय तर ऑइल बदला, पातळ ऑइलवर इंजिन अजिबात चालवू नका.

साफसफाईबद्दल. मोकळ्या हवेत बसा, आजूबाजूला विडी-सिगारेट, देवापुढचा दिवा काही नको. कॉक बंद, वाटी रिकामी, एका स्टीलच्या परातीत सगळं खोला म्हणजे बारीक भाग हरवत नाहीत, प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. जपानी पद्धतीच्या कार्बोरेटरचे चौफुली स्क्रू आपल्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरने निसटतात आणि डोकं खराब होतं, टोक घट्ट बसतंय का बघूनच जोर लावा. रबरी भाग, ओ-रिंगा आधी काढा आणि मगच कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा नाहीतर त्या फुगतात आणि परत बसत नाहीत. जेट उजेडाकडे धरून बघा, भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. त्यात टाचणी, सुई, स्टीलची तार कधीही घालू नका!! जेट पितळेचा असतो, स्टीलने भोक मोठं होतं आणि मग ती गाडी कायमची रिच. स्प्रेने नाही निघालं तर मासेमारीचा नायलॉनचा दोरा किंवा वायरमधली तांब्याची एकच बारीक तार, तीही हळू. नुसते जेट साफ करून भागत नाही, बॉडीतले आडवे रस्ते जास्त महत्त्वाचे, एका भोकात स्प्रे मारला की दुसऱ्या भोकातून बाहेर येतोय का बघायचं, डोळे सांभाळून. पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेतली तर उत्तम, फक्त फ्लोट काढून. बसवताना जेट हाताने बसेपर्यंत आणि वर थोडासाच जोर.

पल्सर १८०, करिझ्मा, थंडरबर्ड असल्या काही गाड्यांना डायफ्रामवाला कार्बोरेटर असतो, त्यात स्लाइड केबलने नाही तर इंजिनाच्या ओढीने वर जाते. तिथे रबराचा पातळ पडदा फाटला की गाडी एका मर्यादेपुढे चढतच नाही. स्लाइड बोटाने उचलून सोडा, ती सावकाश खाली यायला हवी, खट्कन पडली तर पडदा बघा.

लेहला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच्या आसपास, म्हणजे त्याच जेटमधून पेट्रोल जवळपास तेवढंच येतं पण हवा कमी, गाडी रिच होऊन काळा धूर सोडते. तो दोष नाही. क्लिप एक खाच वर आणि जमलं तर एक नंबर लहान मेन जेट, पण खाली आल्यावर आठवणीने परत मूळ जागी, नाहीतर उष्ण मैदानात लीन चालून इंजिन तापतं. महाबळेश्वरपर्यंतच जायचं असेल तर काहीच बदलू नका.

आता सध्याचं पेट्रोल. इथेनॉल वीस टक्के असलेल्या पेट्रोलला जळायला वजनाने साधारण साडेतेरा पट हवा पुरते, १४.७ नाही, त्यामुळे जुन्या सेटिंगवरची गाडी आपोआप थोडी लीन होते. प्लग पांढरट दिसायला लागला, स्लोला अडखळायला लागली तर आधी मिश्रणाचा स्क्रू थोडा रिचकडे, मग गरज वाटली तर क्लिप एक खाच खाली. प्लगचा रंग फोर-स्ट्रोकमध्ये फिकट तपकिरी असावा, कोरडी काळी काजळी म्हणजे रिच, ओला तेलकट काळा असेल तर तो इंजिनातल्या पिस्टनच्या रिंग किंवा वॉल्व्ह सीलमधून ऑइल जळण्याचा विषय, कार्बोरेटरला हात लावू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुनं रबर खराब करतं, पेट्रोलचा पाइप दाबून बघत जा, चिकट किंवा मऊ लागला की बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी ड्रेन करा, कारण वाटीतलं थोडंसं पेट्रोल उडून जातं आणि मागे जो चिकट पिवळा थर राहतो तोच पायलट जेट बुजवतो.

सगळं करूनही स्लो स्थिर होत नसेल तर स्लाइड हाताने पुढे-मागे हलवून बघा. खडखड वाजत असेल तर स्लाइड किंवा बॉडी झिजलीय आणि बाजूने हवा जातेय, त्याला साफसफाई हा उपाय नाही. नवीन घ्यायचा तर कंपनीचाच बघा, स्वस्त डुप्लिकेटमध्ये जेटवर नंबर बरोबर छापलेला असतो पण भोक त्या मापाचं असेलच असं नाही. जुन्या कार्बोरेटरचे मूळ जेट चांगले असतील तर ते फेकू नका, त्याच मॉडेलचा नवीन कार्बोरेटर असेल तर त्यात घालून बघता येतात.